कंगवा, चुरमुरा आणि चटका: लहान मुलांबरोबर घरी करायचे स्थितिक विजेचे प्रयोग

गेल्या जुलैत भाची आठवडाभर आमच्याकडे ठाण्याला राहायला आली होती. बाहेर धो धो पाऊस, घरात कोंडून कंटाळलेलं सहा वर्षांचं पोर, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "चल, तुला जादू दाखवते." कागदाचे बारीक कपटे केले, तिच्याच केसांवरून दहा वेळा कंगवा फिरवला आणि कपट्यांवर धरला. एक कपटा हलेल तर शपथ! पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी एक कपटा कंगव्याला लागला खरा, पण तो तेलाने. सकाळीच आजीने तिच्या डोक्यावर चांगलं थबथबीत खोबरेल घालून वेणी घातली होती. "मावशी, तुझी जादू झोपलीये," म्हणाली आणि कार्टून बघायला निघून गेली.

जानेवारीत मी नाशिकला त्यांच्याकडे गेले. कंगवा तोच, पोरगी तीच. आदल्या दिवशी न्हायलेली, केस कोरडे. या वेळी दोन बोटं अंतरावरूनच कपटे उड्या मारत कंगव्याला येऊन लटकले. माझं कौशल्य सहा महिन्यांत काही वाढलं नव्हतं. बदलली होती ती हवा, आणि डोक्यावर तेल नव्हतं.

म्हणून हा लेख प्रयोगांपासून नाही, हवेपासून सुरू करते. इंटरनेटवर या प्रयोगांचे शेकडो व्हिडिओ आहेत. ते बघून आई-बाबा भर पावसाळ्यात फुगे घासत बसतात, काही होत नाही, आणि मुलांना वाटतं विज्ञान म्हणजे मोठ्यांनी मारलेली थाप.

आधी हवा बघा

दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्यावर जास्तीचे आले ती ऋण प्रभारित, जिचे गेले ती धन प्रभारित. प्लॅस्टिकवर हा प्रभार बसल्या जागी अडकून राहतो, वाहून जात नाही. शाळेच्या पुस्तकातली स्थितिक वीज ती हीच. पण हवा दमट असली की प्रत्येक वस्तूवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो आणि त्या थरावरून प्रभार हळूच निसटतो. तुम्ही घासता आहात, तो पळतो आहे. भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखंच हे.

घाटावर, म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर या पट्ट्यात, नोव्हेंबर ते एप्रिल हा उत्तम काळ. विदर्भात उन्हाळ्याची दुपार तर फारच छान, फक्त तेव्हा पोरं घामेजलेली असतात, म्हणून हात पुसून बसवा. मुंबई, कोकण आणि गोव्यात डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार गाठायची. एरवी एसी असलेल्या खोलीत तासभर आधी एसी लावून ठेवायचा, कारण एसी हवेतलं पाणीही काढून घेतो. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत हिवाळ्यात हीटर चालू असतो आणि घरातली हवा खडखडीत कोरडी होते. तिथे गालिच्यावरून पाय घासत चाललं आणि दाराच्या मुठीला हात लावला की न मागता चटका मिळतो.

आर्द्रता मोजायचं यंत्र घरात नसतं, पण पापड असतो. भाजलेला पापड ताटात उघडा ठेवा. तासाभराने कुरकुरीत राहिला तर प्रयोगाला बसा. मऊ पडला तर तो दिवस भजी करण्यात घालवलेला बरा. (सेलोटेपचा एक प्रयोग याला अपवाद आहे, तो पुढे येतो.)

सामान

बहुतेक सगळं घरात सापडतं. प्लॅस्टिकचा कंगवा हवा, लाकडी चालत नाही. कंगवा भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कारण त्यावर महिनोन् महिन्यांचं तेल असतं. लोकरीची टोपी, मफलर किंवा जुना स्वेटर. चार-पाच फुगे. चुरमुरे. टूथपिक, कणकेचा लिंबाएवढा गोळा, शिवणाचा पॉलिस्टर दोरा, सेलोटेप. कपटे फाडत बसण्यापेक्षा ऑफिसच्या पंचिंग मशीनमध्ये साठलेल्या गोल टिकल्या घेऊन या. त्या एकसारख्या आणि हलक्या असतात आणि त्यांची उडी स्पष्ट दिसते.

एक वस्तू मात्र आवर्जून विकत आणा. हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा किंवा पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा. दुकानदार बहुधा कापलेला उरलासुरला तुकडा तसाच देतो. लोकरीवर घासलेला हा पाइप कंगव्यापेक्षा कितीतरी जोरकस निघतो, लहान मुठीत नीट मावतो, आणि कुणाच्या डोक्यावर तेल आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कापलेल्या कडा मात्र पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करून घ्या.

केस वापरायचेच असतील तर ते धुतलेले आणि कोरडे हवेत. कंडिशनर लावलेले केसही चालत नाहीत, त्याचा थर तेलासारखाच आडवा येतो. आणि पंखा बंद! हे मी तीनदा सांगेन, कारण तीनही वेळा कुणीतरी विसरतं.

हे आधी वाचा

फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात जाऊन घशात अडकू शकतो. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती फुगा असताना मोठ्या माणसाने तिथेच बसावं आणि फुटला तर आधी तुकडे गोळा करावेत, गंमत नंतर. पातळ प्लॅस्टिकची पिशवी मुलांच्या हाती मोकळी देऊ नका, नाकातोंडावर चिकटली तर श्वास कोंडतो. ठिणगीचा प्रयोग गॅसची शेगडी, सॅनिटायझर, पेट्रोल किंवा स्पिरिट यांच्या आसपास करायचा नाही. मोबाइल, पेन ड्राइव्ह, उघडलेला कॉम्प्युटर लांब ठेवा, आतल्या चिपला छोटा चटकाही सोसत नाही.

आणि सॉकेट. काही ठिकाणी टेस्टरचा छोटा दिवा या विजेने लुकलुकवून दाखवतात. लुकलुकतो, खरं आहे. पण ज्या मुलाला आज टेस्टर खेळायला दिला, ते उद्या तो कुठे घालेल हे सांगता येत नाही. माझ्या घरी तो प्रयोग होत नाही.

कंगवा आणि टिकल्या: वय तीनच्या पुढे

१. टिकल्या टेबलावर पसरा. स्टीलच्या ताटात नको, साध्या लाकडी किंवा सनमायकाच्या टेबलावर.
२. न घासलेला कंगवा त्यांच्यावर धरा. काही होत नाही, हे मुलांना बघू द्या. ही पायरी सगळे गाळतात आणि तीच खरी महत्त्वाची आहे.
३. विचारा, "आता घासला तर काय होईल?" उत्तर काहीही येवो, चूक-बरोबर करू नका.
४. कोरड्या केसांवर किंवा लोकरीवर पंधरा-वीस वेळा, एकाच दिशेने, भराभर घासा.
५. वरून हळूहळू खाली आणा आणि थांबा.

टिकल्या उडून चिकटल्या की सगळे टाळ्या वाजवतात आणि कंगवा बाजूला ठेवतात. घाई करू नका. कंगवा तसाच धरून अर्धा मिनिट नुसतं बघा. चिकटलेल्यांपैकी एखादी टिकली अचानक उसळून लांब फेकली जाते. पडत नाही, फेकली जाते. कंगव्याला टेकल्यावर त्याचा थोडा प्रभार तिलाही मिळालेला असतो, आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. भाचीला हे माझ्या आधी दिसलं. "कंगव्याने तिला हाकललं!" यापेक्षा बरं वर्णन मला सुचलेलं नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रॉन सांगू नका. 'ओढतं' आणि 'ढकलतं' एवढे दोन शब्द पुरतात. इलेक्ट्रॉन ऐकून मूल मान डोलावतं, पण ती मान आपल्या समाधानासाठी डोलते.

कागदी बाण: माझा सगळ्यात आवडता

संस्कृतात अंबर नावाच्या पिवळसर रत्नाला तृणमणी म्हणतात, गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीत तोच 'कहरुबा', म्हणजे काडीचोर. ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणायचे, इलेक्ट्रिसिटी हा शब्द तिथूनच आला. अंबर हा झाडाचा जुना, दगडासारखा झालेला चीक. घासला की हलक्या वस्तू खेचतो, हे तीन वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना दिसलं आणि तिघांनी बहुधा काडीवरच ते पाहिलं असावं.

असा गुण एकट्या अंबरातच असतो का, हे नीट तपासलं इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने. हा राणी एलिझाबेथचा वैद्य. इ. स. १६०० मध्ये त्याने आपले निष्कर्ष छापले. त्याचं उपकरण म्हणजे टोकावर तोललेली, सहज फिरणारी एक हलकी सुई. घासलेली वस्तू जवळ नेली की सुई तिच्याकडे वळायची. काच, गंधक, लाख अशा कितीतरी वस्तू त्याने या यादीत आणल्या. हे उपकरण आपल्याला पाच मिनिटांत करता येतं.

१. कणकेचा गोळा ताटलीत दाबून बसवा, त्यात टूथपिक सरळ उभी खोचा.
२. आठ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद अशी कागदाची पट्टी कापा. लांबीत मधोमध दुमडा, घराच्या उतरत्या छपरासारखी. मग आडवी मधोमध किंचित चिमटून मध्यबिंदू काढा.
३. ते छप्पर मध्यबिंदूवर टूथपिकच्या टोकावर ठेवा. एका बाजूला झुकलं तर जड बाजूचा केसभर कागद कापा. एक टोक बाणासारखं निमुळतं करा.
४. पंखा बंद. (दुसऱ्यांदा.) मुलांना सांगा, श्वास बाणावर नको.
५. घासलेला पाइप बाणाच्या टोकाच्या बाजूला, तळहाताएवढ्या अंतरावर आणा.

बाण सावकाश वळतो आणि पाइप फिरवाल तसा मागे मागे फिरतो. हात न लावता वस्तू फिरवता येते यात मुलांना जे सुख मिळतं त्याला तोड नाही. आमच्याकडे अर्धा तास बाण फिरवून झाल्यावर भाचीने स्वतःच विचारलं, "चमचा घासला तर?" इथून खरा खेळ सुरू होतो. वहीत दोन रकाने आखा: 'बाण वळला' आणि 'बाण नाही वळला'. मग घरभर फिरून वस्तू गोळा करा. पट्टी, काचेची बांगडी, लाटणं, स्टीलचा चमचा, खोडरबर, पेनाचं टोपण, रिकामी पाण्याची बाटली, चप्पल. प्रत्येक वस्तूचा आधी अंदाज, मग घासून प्रयोग. लहान मुलाला लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे.

चमच्याने बाण वळत नाही. चमच्यावर प्रभार येतच नाही असं नाही, पण धातूतून तो हातात आणि हातातून अंगात निघून जातो. चमच्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून धरलं तर? आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हा प्रश्न विचारला तर त्याला ते करून बघू द्या. कधी जमतं, कधी नाही.

एक सावधगिरी. बाण वाऱ्यानेही वळतो, त्यामुळे 'वळला' लिहिण्याआधी तीच वस्तू न घासता जवळ नेऊन पाहायची. भाचीने यावरून चप्पल बाद ठरवली. आधी ती 'वळला' रकान्यात होती.

दोरीवरचा चुरमुरा

एक अखंड, फुगीर चुरमुरा निवडा. दोऱ्याला बांधायला जाल तर गाठ आवळताना तुटतो, मी सहा तोडले. त्यापेक्षा दोऱ्याच्या टोकाला थेंबभर फेव्हिकॉल लावून चुरमुरा चिकटवा आणि तासभर वाळू द्या. दोरा साधारण हातभर लांब. खुर्चीच्या पाठीला आडवी पट्टी बांधून तिच्यावरून तो मोकळा सोडा, आजूबाजूला वीतभर काही नको. सुती दोऱ्यापेक्षा पॉलिस्टर बरा, सुती दोरा ओल धरतो. कुणाच्या जुन्या रेशमी साडीच्या पदराचा सुटलेला एखादा धागा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो मागून घ्या. ओढून काढू नका.

पाइप लोकरीवर चांगला घासा आणि बाजूने हळूहळू चुरमुऱ्याकडे न्या. आता जवळून बघा. आधी चुरमुरा नुसता थरथरतो. मग दोरा सरळ लोंबकळायचा सोडून तिरका होतो, जणू कुणी फुंकर मारतंय, फक्त उलट्या दिशेने. मग टिक करून पाइपला चिकटतो. आता हात हलवायचा नाही. कधी दोन सेकंद, कधी दहा. चुरमुरा पाइपवर किंचित सरकतो, आणि एकदम झटकून लांब जातो. आता पाइप घेऊन त्याच्या मागे लागलं की तो पुढे पुढे पळतो. डावीकडून गेलं तर उजवीकडे, समोरून गेलं तर मागे. आत्ता एवढा ओढ घेणारा चुरमुरा आता जवळही यायला तयार नाही.

मग मुलाला सांगा, चुरमुऱ्याला बोट लाव. बोट लावलं की त्याचा प्रभार निघून जातो आणि पुन्हा पाइप नेला की तो पुन्हा धावत येतो. रुसवा गेला, असं भाचीच्या भाषेत.

खेचणं फसवं असतं. घासलेली वस्तू प्रभार नसलेल्यालाही खेचते: भिंतीला, कागदाला, पाण्याला. पण ढकलणं तेव्हाच होतं जेव्हा दोघांवर सारखाच प्रभार असतो. 'यावर खरंच प्रभार आहे का' याची पक्की खूण ढकलण्यात आहे. मोठ्या मुलांना एवढी एक गोष्ट समजली तरी पुढच्या वर्गांतली पुष्कळ पानं सोपी जातात.

चुरमुऱ्याऐवजी अॅल्युमिनियम फॉइलचा वाटाण्याएवढा, पोकळ, सैल गोळा केला तर हे सगळं झटपट होतं, कारण धातूवर प्रभार लगेच पसरतो. त्या गोळ्याच्या एका बाजूला पाइप आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं अंतरावर आपलं बोट धरलं की गोळा पाइप-बोट-पाइप असा काही वेळ टकटक करत राहतो. दर फेरीला तो थोडा प्रभार पाइपवरून उचलून बोटाला देतो.

फुगे

फुगा स्वेटरवर घासा आणि भिंतीला लावा, चिकटतो. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पाच वर्षांच्या मुलांना वीस वेळा करायचं असतं, करू द्या. घड्याळ लावून बघा कुणाचा किती वेळ टिकतो. सकाळी आणि भर दुपारी टिकण्यात फरक पडतो, आणि त्या निमित्ताने हवेचा विषय आपोआप निघतो.

दोन फुगे एकाच बिंदूपासून दोऱ्यांनी शेजारी-शेजारी टांगा, दोन्ही लोकरीने घासा, सोडा. ते एकमेकांकडे पाठ फिरवून तिरके उभे राहतात. मध्ये हात घातला की दोघंही हाताकडे येतात.

उडती रिंग जरा कौशल्याची आहे. त्यासाठी अगदी पातळ प्लॅस्टिकची पिशवी हवी. महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे ती शोधावी लागते. नवीन कपड्यांच्या पॅकिंगमधलं किंवा लाँड्रीतून येणारं पातळ प्लॅस्टिक चालतं, दुधाची पिशवी जाड पडते. उघड्या तोंडाकडून अडीच सेंटिमीटर रुंदीची रिंग कापा. टेबलावर चपटी ठेवून कोरड्या सुती कापडाने अर्धा मिनिट घासा, फुगा केसांवर घासा. रिंग उचलून फुग्याच्या हातभर वर सोडा आणि फुगा तिच्या खाली धरा. रिंग फुलून गोल होते आणि फुग्यावर तरंगते. पहिल्या चार-पाच वेळा ती फुग्याऐवजी तुमच्या हाताला, नाकाला, स्वेटरला चिकटेल. बोट लावून ती सोडवली की पुन्हा घासावी लागते. चिडू नका.

पाण्याची धार

नळ अगदी बारीक सोडा, धार तुटणार नाही एवढीच. नळाचा दाब वरखाली होत असेल तर पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी बारीक भोक पाडून धार काढा, खाली पातेलं ठेवा. घासलेला पाइप धारेच्या बाजूला दोन बोटांवर धरा. धार वाकते, चांगली दिसेल अशी. पाइपला पाणी लागलं की खेळ खलास, पुन्हा पुसून वाळवून घासावा लागतो.

मीठ आणि मिरपूड वेगळी करण्याचा एक प्रयोग बऱ्याच यादीत असतो. होतो तो. मिरपूड हलकी, आधी उडते. पण लहान मूल मिरपुडीवर वाकणार आणि मग शिंका, चोळलेले डोळे, रडारड. मी करत नाही.

सेलोटेप: पावसाळ्यातही चालणारा, वय सातच्या पुढे

इथे काही घासायचंच नाही. घासणं हे निमित्त असतं. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना नीट टेकल्या आणि सुटल्या की इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे जातात. घासल्याने एवढंच होतं की खूप जागा खूप वेळा टेकतात. सेलोटेप तर चिकटवण्यासाठीच असते, म्हणून ती एका ओढीत भरपूर प्रभार घेते आणि दमट दिवशीही बऱ्यापैकी काम करते.

टेबलावर सेलोटेपची एक लांब पट्टी चिकटवा, ती पाया म्हणून तशीच राहू दे. तिच्यावर वीतभर लांबीचे दोन तुकडे शेजारी-शेजारी चिकटवा, प्रत्येकाचं टोक दुमडून पकडायला शेपूट ठेवा. दोन्ही तुकडे झटकन उपटा आणि समोरासमोर लोंबकळत धरा. ते एकमेकांपासून लांब फाकतात.

आता दुसरी तऱ्हा. एक तुकडा पायावर चिकटवा, दुसरा बरोबर त्याच्या पाठीवर. खालच्यावर पेनाने 'खा' लिहा, वरच्यावर 'व'. जोडी एकत्र, हळूच उचला, तिच्यावरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवा म्हणजे आधीचा प्रभार निघून जाईल. मग दोन्ही तुकडे एकमेकांपासून ओढून वेगळे करा आणि जवळ आणा. या वेळी ते एकमेकांवर झेप घेतात. इतके की तुमचा हात कमी पडतो आणि ते पुन्हा चिकटतात.

मग अशीच दुसरी जोडी करा आणि 'व' ला 'व' दाखवा, 'खा' ला 'खा'. ढकलतात. 'व' ला 'खा' दाखवलं की ओढतात. प्रभार दोनच प्रकारचे असतात हे फ्रान्समध्ये द्यु फे याने १७३३ मध्ये मांडलं. धन आणि ऋण ही नावं पुढे बेंजामिन फ्रँकलिनची. मुलांना नावं सांगण्याआधी त्यांनाच नावं ठेवू द्या. आमच्याकडे ते काही दिवस 'वरचे लोक' आणि 'खालचे लोक' होते.

ताटलीतली ठिणगी: वय आठच्या पुढे, मोठ्यांसोबत

इटलीच्या वोल्टाने १७७५ मध्ये जे उपकरण लोकप्रिय केलं ते आपल्या स्वयंपाकघरात बनतं. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला थर्माकोलचा सपाट तुकडा घ्या, ताटलीपेक्षा मोठा. छोटी, सपाट बुडाची, काठ गोल वळलेली स्टीलची ताटली घ्या. धारदार काठावरून प्रभार हवेत निसटतो, म्हणून गोल काठ. ताटलीच्या आत मधोमध प्लॅस्टिकचा कप पालथा ठेवून सेलोटेपने घट्ट बसवा, हा दांडा.

१. थर्माकोल लोकरीने मिनिटभर जोरात घासा. थांबून नाही, सलग.
२. कप धरून ताटली थर्माकोलवर ठेवा.
३. ताटली खालीच असताना तिच्या काठाला बोट लावा. इथेच एक बारीक 'चट' ऐकू येईल. बोट काढा.
४. आता फक्त कप धरून ताटली वर उचला.
५. दुसऱ्या हाताचं बोट काठाजवळ न्या. चट! ठिणगी.

बोटाला चटका नको असेल तर हातात किल्ली घट्ट धरून किल्लीचं टोक काठाजवळ न्या. ठिणगी तेवढीच पडते, पण टोचत नाही, कारण ती बोटाच्या एकाच बिंदूवर न येता सगळ्या मुठीत पसरते. घाबरणाऱ्या मुलांना किल्लीपासूनच सुरुवात करू द्या, पुढे ती आपणहून बोटावर येतात. ज्याला नको त्याला आग्रह नको.

गंमत अशी की पुन्हा घासायची गरज नाही. ताटली परत ठेवा, बोट लावा, उचला, ठिणगी. दहा वेळा, वीस वेळा. "मावशी, ही वीज फुकट येते का?" फुकट नाही. थर्माकोल आणि ताटली एकमेकांना ओढत असतात, त्यांना वेगळं करायला हात जे काम करतो त्यातून ती येते. बारीक लक्ष दिलं तर ताटली उचलताना किंचित ओढ जाणवते.

मिलिमीटरभर ठिणगीला हवेत सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची ठिणगी सहा ते नऊ हजारांची. घरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट, तरी ती जीव घेते आणि ही नुसती टोचते. मोठी मुलं हे विचारतातच. मी गच्चीचं उदाहरण देते: गच्चीवरून पडलेला पाण्याचा एक थेंब खूप उंचावरून येतो, पण डोक्यावर टपकण्यापलीकडे काही करत नाही. बुटक्या बंधाऱ्यावरून वाहणारी नदी उंचावरून येत नाही, पण माणूस वाहून नेते. ताटलीत एक थेंब आहे, सॉकेटच्या मागे नदी आहे. म्हणून ताटलीशी खेळायचं, सॉकेटशी नाही.

मराठीत आकाशातल्या विजेला आणि बल्बमधल्या विजेला एकच शब्द आहे, त्यामुळे "ही तीच का, ढगातली?" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. हो, तीच. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आपटून प्रभार वेगळे होतात आणि ठिणगी किलोमीटरभर लांब पडते. त्या ठिणगीशी दोस्ती नाही. गडगडाट ऐकू आला की गच्ची आणि मैदान सोडून घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही.

ठिणगी बघायला अंधार हवा. त्यासाठी बाथरूम निवडू नका, ते घरातलं सगळ्यात दमट ठिकाण. कपाट आणि पलंगाच्या मधली जागा, पडदे ओढून, दिवे घालवून पाच मिनिटं नुसतं बसायचं म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. पंखा बंद, हे तिसऱ्यांदा. नाशिकला आम्ही असे चौघं पलंगाजवळ दाटीवाटीने बसलो होतो. भाचीने ताटली उचलली, आजोबांना म्हणाली, "नाक पुढे करा." निळसर जांभळी रेघ, चट, आणि आजोबांच्या तोंडून निघालेला शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. मग ते म्हणाले, "पुन्हा एकदा. या वेळी आजीच्या."